घरच्यांशिवायचा पहिला प्रवास : कुणाबरोबर, कुठे, आणि घरी काय सांगितलंत?

वाटसरू

आपल्याकडे मुलगी पहिल्यांदा घरच्यांशिवाय कुठे गेली, ही गोष्ट गाडीत बसल्यावर सुरू होत नाही. ती महिनाभर आधी स्वयंपाकघरात सुरू होते. आधी आईला चाचपायचं, आईने बाबांचा मूड बघून विषय काढायचा, मग मैत्रिणीच्या आईने आपल्या आईला फोन करायचा आणि दोघींनी एकमेकींना सांगायचं, "तुम्ही पाठवताय ना, मग आम्हीपण पाठवतो." दोन्ही घरं दुसऱ्या घराच्या भरवशावर हो म्हणतात. पहिलं हो कुणाचं होतं ते कुणालाच कळत नाही.

मला इथे असेच प्रवास ऐकायचे आहेत. शाळेची सहल नको, कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिटही नको, तिथे सर असतात. आई-बाबा, काका, दादा, नवरा यांच्यापैकी कुणीच बरोबर नव्हतं असा पहिला प्रवास लिहा. एकटीचा, मैत्रिणीबरोबरचा, घोळक्यातला, कसाही. बरोबरची माणसं कशी निघाली आणि परत आल्यावर मैत्री टिकली का, हेही लिहा. वयाची अट नाही. पुरुषांनीही लिहावं, पण सल्ले कमी.

सुरुवात मी करते. मी कराडकडची, शिकायला कोल्हापुरात होस्टेलवर. शेवटच्या वर्षी आम्ही चौघींनी हंपीला जायचं ठरवलं. कारण अगदी साधं होतं. कोल्हापूरहून तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस होस्पेटला थांबते, मध्ये गाडी बदलायची नाही, म्हणजे घरी सांगायला सोपं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "पोरं आहेत का बरोबर?" या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतं. आहेत म्हटलं तर विषय तिथेच संपला. नाहीत म्हटलं तर, "मग कुणाच्या भरवशावर चाललाय?" शेवटी सोडवलं आजीने. तिला सगळ्यातलं एवढंच कळलं होतं की गाडी तिरुपतीची आहे. म्हणाली, "द्येवाची गाडी हाय, जाऊ दे की पोरीला." आम्ही बालाजीच्या कितीतरी अलीकडेच उतरणार आहोत हे तिला कुणीच सांगितलं नाही. बाबांनीसुद्धा नाही.

हंपीत मातंग टेकडीवर पहाटे चढून सूर्योदय बघितला, विरूपाक्ष मंदिरात गोपुराची भिंतीवर पडणारी उलटी सावली बघितली, पन्नासची नोट हातात धरून दगडी रथासमोर फोटो काढले (त्या नोटेवर तोच रथ आहे, न काढून सांगता कुणाला). त्या रथामागच्या विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने विठोबा इकडे आणला आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, तो परत पंढरपूरला नेला, ही कथा आजी लहानपणी सांगायची. त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर उभं राहून मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "मग रिकामाच असनार की, आपल्याकडं हाय त्यो."

पण माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच. आमच्यातली एक पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "मला भूक नाही." चहा नको, डोसा नको, गोल होडीतून तुंगभद्रेत फिरायला नको, "तुम्ही जा, मी काठावर बसते." आम्हा दोघींना वाटलं हिचा मूड गेलाय आणि आम्ही आपसांत कुरकुरलो. चौथी, जिच्याकडे सगळ्यांचे एकत्र पैसे होते, ती काहीच बोलली नाही. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर केलं, "आजपासून सगळं कॉमन पर्समधून. हिशेब कोल्हापुरात गेल्यावर, आणि मी हप्त्याने घेते." त्या दुपारी 'भूक नसलेली' मुलगी दोन ताटं जेवली. चार वर्षं एका मेसमध्ये जेवलो होतो, तरी तिच्या घरून किती पैसे येतात हे आम्हाला माहीत नव्हतं. हिशेब ठेवणाऱ्या मुलीला ते दिसलं. ती आज बँकेत आहे, योग्य जागी आहे.

आता तुम्ही.

डब्यातली काकू

मी साठी ओलांडलीय, चालेल ना? ५ मे १९९२ ला चर्चगेट–बोरिवली अशी फक्त बायकांची पहिली लोकल सुरू झाली, तेव्हा मी फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. त्याआधी लेडीज डब्यात चेहऱ्याच्या ओळखी होत्या. त्या गाडीमुळे आमचा गट जमला. मटार सोलायचे, मेथी निवडायची, नवरात्रात डबा सजवायचा, भोंडल्याची गाणी म्हणायची. अंधेरीला एकीने सुरू केलेलं सासूपुराण दादरपर्यंत पोचेस्तोवर तिघींचं झालेलं असायचं.

पुढच्या थंडीत कुणीतरी म्हणालं, माथेरानला जाऊ. एक रात्र राहायचं. आमच्यापैकी एकीही लग्नानंतर माहेर सोडून कुठे एकटी झोपली नव्हती. घरी सगळ्यांनी एकच सांगितलं : ऑफिसची पिकनिक. आता गंमत बघा, आम्ही सगळ्या वेगवेगळ्या ऑफिसांतल्या, एक तर शाळेतली. दोघींचे नवरे एकमेकांना ओळखत होते. त्यांची गाठ पडली असती तर पंचाईत होती!

मी निघताना दोन भाज्या, आमटी, पोळ्यांची चळत, तीन प्रकारच्या चटण्या आणि ओट्यावर चिकटवलेला कागद एवढं ठेवून गेले. गॅस कसा बंद करायचा तेही लिहिलं होतं. नेरळहून मिनी ट्रेनचं तिकीट मिळालं नाही, म्हणून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत आणि पुढे चालत. वर मोटारगाड्या जात नाहीत हे तेव्हाही तसंच होतं. लाल मातीने सगळ्यांच्या साड्यांचे काठ एका रंगाचे झाले. रात्री हॉटेलवाल्याने दोनदा विचारलं, "बरोबर जेन्ट्स कोणी नाही?" आमच्यातली सर्वांत वयस्कर, शाळेत मुख्याध्यापिका होती, ती म्हणाली, "का, सामान उचलायचंय का?" पुन्हा नाही विचारलं त्याने.

पहाटेपर्यंत कुणी झोपलं नाही. विशेष काही केलंही नाही. पत्ते खेळलो आणि सकाळी दहाला उठलो. दहाला! मी लग्नानंतर पहिल्यांदा. परत आले तर कागद जागच्या जागी होता आणि ह्यांनी मुलांना घेऊन हॉटेलात जेवून चटण्यांना हात लावला नव्हता.

चकली

काकू, तीन प्रकारच्या चटण्या!! माझी आई अजूनही दोन दिवस मावशीकडे निघाली तरी फ्रीजमधल्या डब्यांवर वार लिहून जाते.

डब्यातली काकू

आम्ही वार लिहिले नव्हते, ही सुधारणा पुढच्या पिढीची.

ऑरेंज सिटी

आमच्या नागपूरकडे परवानगी काढायची सोपी पद्धत आहे, देवाचं नाव घ्यायचं. गोव्याला जातो म्हटलं की घरात पंचायत बसते, नागद्वारीला जातो म्हटलं की आई पिशवी भरून देते. खरं तर गोव्यात समुद्रकिनारी खुर्चीत बसायचं असतं आणि नागद्वारीत दिवसभर सातपुड्याच्या डोंगरात चिखल तुडवायचा असतो, लोखंडी शिड्या उतरायच्या असतात. पाय मोडायची शक्यता कुठे जास्त आहे, तुम्हीच सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पचमढीजवळ नागद्वार आहे. जंगल व्याघ्र प्रकल्पाचं, म्हणून वाट फक्त नागपंचमीच्या आधीचे काही दिवस उघडते. विदर्भातून लोकांचे लोंढे जातात. जागोजागी आपल्याच मंडळांचे भंडारे असतात, पोहे, खिचडी, चहा, कुणी पैसे घेत नाही.

आम्ही कॉलनीतल्या तिघी मैत्रिणी आणि शेजारच्या एक काकू. काकू दरवर्षी जाणाऱ्या. अर्ध्या वाटेवर, धो धो पाऊस, आणि मला पाळी आली. तारखेच्या चांगली आधी. मी मैत्रिणीच्या कानात सांगितलं, ती घाबरली, तिने दुसरीला सांगितलं, दुसरी रडायलाच लागली की आता हिला इथेच थांबवायला लागणार आणि सोबत कोण थांबणार. काकूंना कळलं. त्यांनी आपल्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पॅड काढून दिलं (साठीच्या बाईकडे! "दरवर्षी कोन्या ना कोन्या पोरीले लागतेच," म्हणाल्या), दोघींना छत्री आणि ओढणीचा आडोसा करायला लावला आणि म्हणाल्या, "चाल. महादेव काही विचारून नाही रायला."

घरी हे कुणाला सांगितलं नाही. काकूंनीही नाही. आता त्या रस्त्यात भेटल्या की उगाच दोन मिनिटं जास्त थांबतात.

शेवग्याची शेंग

वरच्या अनुभवावरून एक विषय काढते, जो असल्या गप्पांत लाजेने राहून जातो. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. मला हे कुणी शिकवलं नाही, आईकडे बघून आलं. पुण्याहून निघताना चहा घ्यायचा नाही, वाटेत दोन घोट, उतरल्यावर तांब्याभर. कॉलेजात असताना एकटीने लातूरला जायला लागले तेव्हा मीही तेच करायचे आणि वर्षातून दोनदा लघवीच्या जंतुसंसर्गाची औषधं घ्यायचे.

एका रात्री गाडी जेवायला थांबली तिथे बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली गल्ल्यावर, गल्ल्यावरचा माणूस जेवायला. त्या दिवशी आमच्या गाडीवर बाई कंडक्टर होत्या. त्यांनी गाडीतल्या सगळ्या बायकांना गोळा केलं, गल्ल्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "कुलूप उघडल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि तुमच्याकडे उद्यापासून थांबणारही नाही." किल्ली अर्ध्या मिनिटात आली. रांगेत माझ्या पुढे एक मुलगी होती, नर्सिंगला होती, तिने मला कागदाचं नरसाळं दाखवलं, उभ्याने वापरायचं. औषधाच्या दुकानात मिळतं. मी तोवर ऐकलंही नव्हतं. रांगेतल्या पाचसहा जणींनी ते हातात घेऊन बघितलं, हसून हसून पुरेवाट. ती मुलगी पुढे माझी रूममेट झाली. संडासाच्या रांगेत मैत्री झाली असं आम्ही लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो.

सडेतोड

मुलींनी अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचावं, अनोळखी लोकांशी बोलू नये, सोशल मीडियावर आपण कुठे आहोत ते टाकू नये, आणि शक्यतो

वाटसरू

सडेतोड, सल्ले कमी म्हटलं होतं. तुमचा स्वतःचा पहिला प्रवास लिहा, वाचायला आवडेल.

सडेतोड

माझा? दहावीनंतर मित्रांबरोबर राजमाची. घरी विचारलं नव्हतं, रात्री निघालो आणि सकाळी फोन केला. कुणी काही म्हटलं नाही.

चकली

झालं की मग उत्तर.

एक बाप

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. लेक कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर युथ हॉस्टेलच्या सरपास ट्रेकला गेली. हिमाचलात कसोलला बेस कॅम्प. मी होकार दिला तो एका अटीवर : मोबाइलवर लोकेशन चालू ठेवायचं. ती लगेच "हो" म्हणाली. तेव्हाच शंका यायला हवी होती.

कसोलपर्यंत निळा ठिपका व्यवस्थित हलत होता. नंतर तो तिथेच थांबला. मी ऑफिसात, जेवताना, रात्री दोनला उठून बघायचो, ठिपका कसोलमध्ये. बायको म्हणाली, "अहो, वर रेंज नसते, तिने सांगितलं होतं." मला सांगितलं नव्हतं. मग मी बसून मुक्काम पाठ केले : ग्रहण, पद्री, नगारू, बिस्केरी. नगारूला वारा फार असतो, तिथून पहाटे अंधारात निघतात, खिंडीनंतर बर्फावर बसून घसरत खाली यायचं असतं, असं सगळं वाचून काढलं. वाचायला नको होतं.

एका दुपारी ट्रेकच्या शेवटच्या गावातून, बर्शेणीहून, फोन आला. मी विचारलं, "पोचलीस का? जेवलीस का? थंडी आहे का?" ती म्हणाली, "बाबा, रात्री बोर्नव्हिटा द्यायचे. आणि आपला डबा आपणच घासायचा, गार पाण्यात." घरी एक कप न विसळणारी मुलगी. परत आल्यावर तिने मला त्या गटातल्या मुलींची ओळख करून दिली तेव्हा प्रत्येकीने विचारलं, "काका, तुम्हीच का ते लोकेशनवाले?"

पाऊलवाट

काकांचं वाचून हसले, पण लोकेशनवर माझं थोडं कडू मत आहे. माझी अट लग्नानंतरची. नवरा चांगला आहे, अडवत नाही, पण ठिपका थांबला की फोन येतो. "तिथे काय करतेयस?" लस्सी पितेय रे बाबा. गेल्या खेपेला मी मैत्रिणींबरोबर सावंतवाडीला गेले तेव्हा फोन मुद्दाम खोलीवर ठेवून मोती तलावावर जाऊन बसले. काळजी आणि पाळत यांत कुठे रेघ मारायची ते घराघरांत वेगळं असेल, पण रेघ तिने मारावी एवढंच माझं म्हणणं.

एक बाप

मान्य. तरी रात्री दोनला उठून बघणं माझ्या हातात नाही.

नाव नको

मैत्री टिकली का असं विचारलंय म्हणून लिहिते. नाही टिकली. शाळेपासूनच्या आम्ही पाच जणी, तिशीत पहिल्यांदा गोव्याला. एकीचा नवरा दर तासाला व्हिडिओ कॉल करायचा आणि ती फोन सगळ्यांवरून फिरवून दाखवायची, कोण कोण आहे ते. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीने पोहण्याचे कपडे घातले होते आणि ती त्या फोनमध्ये दिसली. ती खूप चिडली. फोनवाली रडायला लागली की तुम्हाला माझी परिस्थिती कळत नाही. खरं तर सगळ्यांना कळत होती, शाळेपासून कळत होती, आणि म्हणूनच कुणी काही बोललं नाही. चिडलेलीला समजावलं, रडणारीला जवळ घेतलं. व्हायला हवं होतं उलट. परतीच्या गाडीत दोघी दोन टोकांना. ग्रुप अजून आहे, त्यात वाढदिवसाला केक येतात.

एल्बेकाठची

मी सांगलीची, सध्या जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. इथे परवानगी मागायला कुणी नाही, आणि सुरुवातीला त्याचाच त्रास झाला. इथे मे २०२३ पासून महिन्याचं एक तिकीट निघालं. तेव्हा ४९ युरो होतं, मग वाढलं. देशभरातल्या साध्या गाड्या, ट्राम, बस सगळं त्यात. फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. म्हणजे जायला पैशांचंही कारण उरलं नाही. तरी मी कित्येक रविवार खोलीत काढले. रविवारी दुकानं बंद, मैत्रिणी आपापल्या कामांवर. "कुणीतरी आलं तर जाऊ" हे वाक्य मी सांगलीहून बरोबर आणलं होतं.

मग एका रविवारी थालीपिठं बांधून एकटी निघाले. लोकलने राठेनला उतरायचं, नदीच्या पलीकडे नावेने जायचं आणि वर बास्टाईचा पूल. सुळक्यांवरून सुळक्यांवर टाकलेला दगडी पूल, १८५१ चा, खाली एल्बे नदी. इतकं सुंदर की मी मराठीत मोठ्याने "अगं बघ ना!" म्हटलं, आणि शेजारी कुणीच नव्हतं. एकटीने फिरण्याचे फायदे सांगणारे लोक हा क्षण सांगत नाहीत.

बाकावर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मला हात करून बोलावलं आणि समोरच्या सुळक्यावरची दोन माणसं दाखवली. माझ्या तोडक्या जर्मनमध्ये जे कळलं ते असं : त्या तरुणपणी हेच सुळके चढायच्या. इथल्या वालुकाश्माला जपायचं म्हणून कपारीत लोखंडी साधनं अडकवायला बंदी, हाताला लावायची पांढरी पूडही नाही. दोरीच्या गाठी मारून त्या फटीत बसवायच्या आणि त्यांच्या भरवशावर चढायचं. त्यांनी माझ्या ओढणीच्या टोकाला ती गाठ मारून दाखवली. त्या कुणाबरोबर चढायच्या विचारलं तर म्हणाल्या, मैत्रिणीबरोबर, ती आता नाही. मी थालीपीठ दिलं. त्यांनी तिखट लागलं तरी संपवलं.

आईला आठवणीने तिकिटाचा फोटो पाठवला. कुणी मागितला नव्हता. तिकडे रात्र झाली होती, तिने उत्तर दिलं, "जेवलीस का."

माणदेशी बाई

मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा नाही, आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई आणि त्यांच्या बचत गटाचा प्रवास सांगते. मी बरोबर होते, पण तो त्यांचा प्रवास होता.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. शहरात त्याच्यावर विनोद झाले, आमच्याकडे बाजारला, दवाखान्याला, माहेरी जायचा हिशेबच बदलला. आधी ठरायचं की एकानं जायचं, मग जायचा तो घरातला पुरुष. आता बाईच गेलेली परवडते. गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "बाई, अर्ध्या तिकिटात समिंदर दिसंल का?" त्यांच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलेला नव्हता. दुष्काळी तालुका, आयुष्य टँकरच्या वेळेवर बांधलेलं.

गणपतीपुळे ठरलं, कारण देव आहे आणि देवाच्या दारातच समुद्र आहे (ऑरेंज सिटी, तुमची युक्ती आमच्याकडेही चालते). भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा बांधून घेतला. कराडहून कुंभार्ली घाट उतरताना दोघींना गाडी लागली, लिंबं चोखली, चिपळूणात चहा झाला. पुळ्यात उतरल्यावर आधी दर्शन, असं ठरलं होतं. पण मंदिराकडे वळायच्या आत समुद्र दिसला आणि रांग मोडली. साठीतल्या एक आजी पदर खोचून गुडघाभर पाण्यात गेल्या, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकल्या. "आगं बया! एवढं सारं पानी, आन् एक घोट प्यायला न्हाई!" सगळ्या हसल्या. माणच्या बाईनेच हे म्हणावं.

परत निघताना एका ताईंनी बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं. कशाला विचारलं तर म्हणाल्या, "पोरास्नी दावते, खारं कसं असतंय ते." ती बाटली सोमवारी शाळेत आली. चौथीच्या वर्गात प्रत्येकाने बोट बुडवून चाखलं. मी 'समुद्र' हा पाठ कधी इतका कमी वेळात संपवला नव्हता.

पाऊलवाट

हे वाचून डोळ्यांत पाणी. बचत गटाचा पुढचा बेत काय?

माणदेशी बाई

विमान बघायचंय म्हणतात. बसायचं नाही, नुसतं उडताना बघायचंय. लोहगावला कुठून दिसतं ते पुणेकरांनी कळवा.

चकली

माझा छोटासा. पहिली एकटीची लांबची रेल्वे, पुण्याहून भुवनेश्वरला मुलाखतीसाठी, कोणार्क एक्सप्रेसने. आईने बॅगेला साखळी, साखळीला कुलूप, कुलपाची किल्ली गळ्यात असा बंदोबस्त केला होता. गाडी सुटल्यावर थोड्या वेळाने रेल्वे सुरक्षा दलातल्या दोन ताई बर्थपाशी आल्या. एकट्या आहात का, कुठे उतरणार, काही लागलं तर १३९ लावा. 'मेरी सहेली' म्हणून उपक्रम आहे त्यांचा, २०२० पासूनचा. मी आईला सांगितलं, तिने लगेच सगळ्या नातेवाइकांना कळवलं की "हिच्यासाठी पोलीस ठेवलेत."

नोकरी मिळाली नाही. पण समोरच्या बर्थवरची तेलुगू मुलगी आणि मी विजयवाड्यापर्यंत इंग्रजी-हिंदी-हातवाऱ्यांत बोलत होतो. तिने मला गोंगुऱ्याचं लोणचं दिलं, म्हणजे आपली अंबाडी. अजून दर पावसाळ्यात बाटली येते.

सडेतोड

एक विचारू का? सल्ला नाही. आमची मुलगी आता दहावीला आहे. पुढच्या वर्षी मैत्रिणींबरोबर राजमाचीला काजवे बघायला जायचं म्हणते. बायको तयार आहे, मी अडलोय. तुमच्यापैकी कुणी त्या वयात गेलं होतं का?

एक बाप

सडेतोड, मी तुम्हाला वेगळा निरोप पाठवतो. ठिपक्याबद्दल बोलू.

पन्नाशीची पोर

मी बरेच दिवस नुसती वाचतेय. वय अठ्ठावन्न. मुलं मार्गी लागली, आता आम्हा तिघी मैत्रिणींना कळसूबाईला जायचंय. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, एवढं माहिती आहे. गुडघे बरे आहेत, रोज टेकडी चढतो. घरचे म्हणतात, एखाद्या मोठ्या ग्रुपबरोबर जा. आम्हाला आमच्या आमच्याच जायचंय. जमेल का?

वाटसरू

नक्की जमेल. बारी गावातून वाट सुरू होते. मुंबईकडून येत असाल तर लोकलने कसारा, तिथून घोटी, घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्यावर बारी. आदल्या रात्री बारीतच राहा, गावात घरगुती जेवणाची आणि झोपायची सोय होते. उजाडता उजाडता निघा, म्हणजे उन्हाच्या आत वर. रमत गेलात तर चढायला चार तास धरा. पावसाळा टाळा, शिड्या ओल्या असतात. ऑक्टोबर–नोव्हेंबर छान. नवरात्रात देवीची गर्दी असते, तेव्हा सोबत भरपूर मिळते पण शिड्यांवर रांग लागते. शनिवार-रविवारही टाळा.

डब्यातली काकू

आणि पाणी प्या गं. शेंगेने लिहिलंय ते वाचा.

पन्नाशीची पोर

शिड्यांची थोडी भीती वाटते. लोखंडी आहेत ना?

ऑरेंज सिटी

काठाला धरायला गज आहेत. उन्हात तापतात, हातमोजे न्या, बागकामाचे स्वस्तातले चालतात. खाली बघायचं नाही, पुढच्या बाईच्या टाचांकडे बघायचं. आणि उतरताना घाई नाही, गुडघे तिथेच बोलतात.

पन्नाशीची पोर

मंगळवार ठरवतोय, दिवाळीनंतरचा. बूट नवे घेऊ की रोजचे चालतील?

वाटसरू

रोजच्या बुटांचा तळ गुळगुळीत झाला नसेल तर तेच उत्तम. नवे घेतलेत तर आत्ताच घ्या आणि दिवाळीचा सगळा बाजारहाट त्यांतच करा.